चालते यंत्र आणि मुलाची चूक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेत 'मोबाईलवरून चालविता येणारे चालते यंत्र' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, हा तर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विषय. सातवीपर्यंतच्या आपल्या शाळेत याचे काय काम? ही शंका रास्त आहे. मी अभियंता नाही. आपल्यासारखाच फळा, खडू आणि हजेरीपट यांत आयुष्य गेलेला शिक्षक आहे. परंतु गेली काही वर्षे मुलांच्या संगतीने असे एक सहा पायांचे यंत्र बांधण्याचा आणि चालविण्याचा मी जो उद्योग केला, त्यातून यंत्रापेक्षा अध्यापनाविषयीच मला अधिक शिकावयास मिळाले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी शाळेला विजेच्या छोट्या मोटरी, तारा, सेल असे साहित्य मिळाले. सहावीतील एका मुलाने उत्सुकतेने एका मोटरीचा दांडा हाताने जोर लावून फिरविला. आत प्लॅस्टिकची दंतचक्रे असतात. त्यांचे दात तुटले आणि मोटर निकामी झाली. मी त्याला सर्व वर्गासमोर बोललो, साहित्य कपाटात घातले आणि कुलूप लावले. साहित्य सुरक्षित राहिले. पण त्या मुलाने वर्षभरात मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा तो सातवी उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या शाळेत गेला होता. त्यानंतर मी कपाट उघडले.

आता यंत्राकडे वळू. चाकांची गाडी मुले सहज करतात. मग पायांचे यंत्र कशासाठी? याचे उत्तर असे की, चाक चुका झाकते. चाकाच्या गाडीचा भार वेडावाकडा असला तरी ती चालते. पायांच्या यंत्राला ही सवलत नाही. एक पाय उचलला की उरलेल्या पायांनी भार तोलावाच लागतो. तो तोलला गेला नाही तर यंत्र तत्काळ कलंडते. चूक कोठे आहे हे गुरुजींनी सांगण्याची गरज पडत नाही. ज्या बाजूला यंत्र पडले, ती बाजूच सांगते.

चालणारे यंत्र करण्याची हौस नवी नाही. रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी केवळ सांधेजोड दांड्यांच्या योजनेने पावले टाकणारे यंत्र केले होते आणि ते १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यात पावलांचा क्रम दांड्यांच्या लांबीतच बांधलेला होता. आपल्या यंत्रात तो क्रम आज्ञावलीत लिहिलेला असतो, म्हणून तो बदलता येतो, आणि म्हणूनच तो चुकतोही. मुलांच्या दृष्टीने हाच मोठा लाभ आहे.

काम आरंभताना मोटरीला हात लावू नये. प्रथम निरीक्षण करावे. आम्ही पहिले दोन दिवस मुंगळे पाहिले. मुंगळा भराभर चालतो, डोळ्यांना पाय दिसत नाहीत. येथे मोबाईल प्रथम उपयोगी पडला. त्यातील मंदगती चित्रणाची सोय वापरून मुलांनी भिंतीलगतच्या मुंगळ्याचे चित्रण केले आणि थांबवून थांबवून पाहिले. एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय जमिनीवर. उरलेले तीन हवेत. मग उलट. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही तर चुलीच्या तीन दगडांसारखी मांडणी झाली." तिच्या एका वाक्यात त्रिकोणाचे स्थैर्य सर्व वर्गाला कळले. मी फळ्यावर व्याख्या लिहिली असती तर तितके कळले नसते.

त्यानंतर बैल पाहिला. सावकाश चालणारा बैल मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा या क्रमाने पाय टाकतो. चार पायांच्या यंत्राने एका वेळी एकच पाय उचलून रांगत जावयाचे असेल, तर तोल राखण्यास हाच क्रम सर्वांत सोयीचा, असे १९६८ साली मॅकगी आणि फ्रँक या संशोधकांनी गणिताने दाखविले. आपल्या मुलांनी तो क्रम गोठ्यात पाहून वहीत उतरविला होता, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी अंगणात खेळ घेतला. सहा मुले तिघातिघांच्या दोन ओळींत उभी केली. प्रत्येक मूल म्हणजे किड्याचा एक पाय. टाळी वाजली की तिघांनी पाऊल टाकावयाचे, तिघांनी स्थिर राहावयाचे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातील कासवाला आज्ञा देण्यापूर्वी मुलाने स्वतःच कासव होऊन चालून पाहावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह असे. जे शरीराला कळले, ते आज्ञेत मांडणे सोपे जाते. अंगण आणि टाळी यांना खर्च येत नाही. तेव्हा साहित्य नसलेल्या शाळेनेही एवढा भाग अवश्य करावा.

आता बांधणी. आमच्या यंत्रात तीनच मोटरी आहेत. या मोटरीला 'सर्वो' म्हणतात. साधी मोटर गरगर फिरत राहते; सर्वो मात्र सांगितलेल्या कोनापर्यंत वळते आणि तेथे थांबते. आम्ही वापरली ती सुमारे नऊ ग्रॅम वजनाची, सर्वत्र मिळणारी लहान जात. तिला तीन तारा असतात : तांबडी विजेची, तपकिरी ऋण टोकाची आणि नारिंगी आज्ञेची. आज्ञेच्या तारेवरून दर सेकंदास पन्नास वेळा एक सूक्ष्म ठोका जातो. ठोका एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असला तर दांडा एका बाजूला, त्याच्या दुप्पट असला तर दुसऱ्या बाजूला आणि दीडपट असला तर मध्यावर येतो. सातवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण मला आढळले नाही.

सांगाडा म्हणून वहीच्या आकाराच्या निम्मी, जाड पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायवुडची पट्टी घ्यावी. पायांसाठी सायकलच्या चाकातील जुन्या तारा उत्तम. डाव्या बाजूचे पुढचे आणि मागचे पाय मिळून एकच वाकविलेली तार, तशीच उजव्या बाजूची. या दोन तारा दोन मोटरींना जोडल्या की त्या बाजूचे दोन्ही पाय एकदमच पुढे किंवा मागे सरकतात. तिसरी मोटर मध्यभागी आडवी बसवावी. तिच्या तारेचे एक टोक डावीकडे, एक उजवीकडे. हे दोन मधले पाय तराजूच्या दांडीप्रमाणे एक खाली गेला की दुसरा वर जातो. चार कोपऱ्यांच्या पायांना सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे चढवावेत. गुळगुळीत शहाबादी फरशीवर उघडी तार घसरते आणि यंत्र जागच्या जागी हातवारे करीत राहते.

एक सूचना महत्त्वाची आहे. पाय बसविण्यापूर्वी प्रत्येक मोटर आज्ञा देऊन मध्यावर, म्हणजे नव्वद अंशांवर आणून ठेवावी आणि मगच पाय स्क्रूने घट्ट करावा. दांडा हाताने फिरवून मध्य शोधू नये. तसे केल्याने काय होते ते मी आरंभीच सांगितले आहे.

मोटरींना आज्ञा देणारी फळी 'आर्डुइनो' या नावाची आहे. इटलीतील इव्रिया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी ती तयार झाली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला असल्याने तिच्या स्वस्त प्रतिकृती आपल्याकडे मिळतात. मोबाईलशी बोलण्यासाठी एक लहानसा ब्लूटूथ संच लागतो. 'एचसी-०५' या जातीचा संच अँड्रॉइड फोनशी जुळतो, आयफोनशी जुळत नाही; तेव्हा फोन कोणता हे आधी पाहावे. संचाच्या ऐकण्याच्या टोकाला पाच व्होल्टची आज्ञा थेट देऊ नये. एक हजार आणि दोन हजार ओहमचे दोन रोधक लावून ती सुमारे सव्वातीन व्होल्टवर आणावी. सर्व साहित्य मिळून दीड हजार रुपयांच्या आसपास भागते. स्थानिक भावाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होईल.

आज्ञावली संगणकावर लिहिण्यापूर्वी आम्ही ती मराठीत फळ्यावर लिहिली. ती चारच ओळींची आहे :

पहिली : मधला डावा पाय खाली दाबा.
दुसरी : डावीकडचे पाय पुढे न्या, उजवीकडचे मागे न्या.
तिसरी : मधला उजवा पाय खाली दाबा.
चौथी : उजवीकडचे पाय पुढे न्या, डावीकडचे मागे न्या.

मधला डावा पाय खाली दाबला की यंत्राची डावी बाजू उचलली जाते आणि तिचे दोन पाय अधांतरी राहतात. त्या वेळी यंत्र मधल्या डाव्या आणि उजवीकडच्या दोन पायांवर, म्हणजे चुलीच्या तीन दगडांवर उभे असते. अधांतरी पाय पुढे जातात. जमिनीवरचे उजवे पाय मागे रेटतात आणि यंत्र पुढे सरकते. नंतर दुसऱ्या बाजूची पाळी. प्रत्येक ओळीनंतर सुमारे पाव सेकंद थांबावे. असे किंचित डुलत डुलत यंत्र चालू लागते.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी ते पुढे चालले नाही. आज्ञावली उतरवून घेताना एका मुलाकडून पहिली आणि तिसरी ओळ अदलाबदल झाली होती. कळ दाबताच यंत्र मागे चालू लागले. मुले हसली, तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. खरे सांगतो, माझा हात लाल शाईच्या पेनाकडे जावा तशी जीभ सवयीने वळवळली. पण कपाटाची आठवण झाली. मी विचारले, "यंत्र मागे का जाते, हे कोणी सांगेल काय?" अंगणातील खेळ पुन्हा मांडला. दहा मिनिटांनी मुलांना उमगले : जो पाय जमिनीवर असतो तोच यंत्राला ढकलतो, आता जमिनीवरचा पाय पुढे जातो, म्हणून यंत्र मागे जाते. लगेच एकीने विचारले, "मग एकाच बाजूला उलटे केले तर?" तसे करून पाहिले. यंत्र जागच्या जागी वळले. मागे जाणे आणि वळणे या दोन्ही गोष्टी आमच्या पाठाच्या टाचणात पुढच्या आठवड्यात होत्या. त्या एका मुलाच्या चुकीने त्याच तासाला हाती आल्या. त्या दिवशी वर्गाने ती चुकीची आज्ञावली पुसली नाही. 'मागे' असे नाव देऊन जपून ठेवली.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. यंत्र एक पाऊल टाकी आणि थबके, मोबाईलशी संबंध तुटे. पुन्हा जोडावा तर पुन्हा तेच. आम्ही दोन दिवस आज्ञावली वाचत बसलो; तीत दोष नव्हता. अखेर नेहमी मागच्या ओळीत बसणाऱ्या एका मुलीने एक गोष्ट पाहिली. ब्लूटूथ संचावरचा लहान दिवा संबंध जुळला असताना थांबून थांबून लुकलुकतो आणि जुळला नसताना भराभर लुकलुकतो. प्रत्येक पावलाच्या क्षणी तो दिवा किंचित विझून भराभर लुकलुकू लागे. "गुरुजी, याला वीज पुरत नाही," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. आम्ही तिन्ही मोटरी, फळी आणि संच एकाच चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलवर चालवीत होतो. मोटर सुरू होताना एकदम पुष्कळ वीज ओढते. त्या लहान सेलला ती देववत नाही, दाब कोसळतो आणि फळी पहिल्यापासून आरंभ करते. विहिरीवरचा पंप सुरू होताच घरातला दिवा मंद होतो, हा त्या मुलीच्या घरचा रोजचा अनुभव होता. पुढे मोटरींसाठी पुन्हा भारता येणारे चार पेन्सिल सेल वेगळे दिले, फळीची वीज वेगळी ठेवली, आणि दोन्हींच्या ऋण तारा मात्र एकत्र जोडल्या. या तारा एकत्र जोडल्या नाहीत तर आज्ञेचा ठोका मोटरीला नीट कळत नाही.

बंधु-भगिनींनो, या प्रसंगात माझे काय झाले तेही सांगतो. दोन दिवस मी वर्गासमोर उत्तर ठाऊक नसलेला शिक्षक म्हणून उभा होतो. पहिल्या दिवशी ते फार जड गेले. परंतु मुलांनी त्यामुळे माझा मान कमी केला नाही. उलट, ज्या गोष्टीचे उत्तर गुरुजींनाही ठाऊक नाही ती शोधण्यात आपलाही वाटा आहे, असे त्यांना वाटले असावे. त्या मुलीने तोपर्यंत वर्गात क्वचितच तोंड उघडले होते.

तिसरा प्रसंग मोबाईलविषयी. मोबाईलवरील कळ दाबली की एक अक्षर ब्लूटूथने फळीकडे जाते. इंग्रजी 'एफ' आले तर पुढे, 'बी' आले तर मागे, 'एस' आले तर थांबा, असा संकेत आपणच ठरवावयाचा. कळींचा पडदा मुलांना स्वतः तयार करता येतो; त्यासाठी एमआयटी या अमेरिकेतील विद्यापीठाचे 'अ‍ॅप इन्व्हेंटर' हे विनामूल्य साधन असून त्यात ठोकळे जुळवून काम होते. आमच्या एका विद्यार्थिनीने उत्साहाच्या भरात 'पुढे' ही कळ आठ-दहा वेळा दाबली आणि यंत्र टेबलाच्या कडेला येताच 'थांबा' दाबले. यंत्र थांबले नाही. टेबलावरून खाली पडले. कारण असे की, फळी एका वेळी एक अक्षर घेते आणि चारही ओळी संपविल्यावाचून पुढचे पाहत नाही. आठ-दहा 'पुढे' रांगेत उभे होते. 'थांबा' त्यांच्या मागे होते. मुलांनीच उपाय काढला : प्रत्येक ओळीनंतर रांग तपासावी, जुनी अक्षरे सोडून द्यावीत, शेवटचे तेवढे पाळावे. मी त्यांना आणखी एक विचारले, "मोबाईलचा संबंधच तुटला तर यंत्राने काय करावे?" सर्वानुमते ठरले की, थांबावे. अडचणीच्या वेळी यंत्राने कसे वागावे हे माणसाने आधीच ठरवावे लागते, हा विचार बाराव्या वर्षी मनात रुजणे मला फार मोलाचे वाटते.

व्यवहाराच्या काही सूचना थोडक्यात देतो. फळीत आज्ञावली भरताना ब्लूटूथच्या तारा काढून ठेवाव्यात, कारण दोघांची वाट एकच असते. सेलची दोन टोके तारेने एकमेकांस जोडली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. मोबाईलमधून काढलेली जुनी लिथियम बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये. चार मुलांचा एक गट करावा आणि पक्कड, संगणक, वही व मोबाईल यांची पाळी दर तासाला बदलावी. असे न केल्यास एक हुशार मुलगा सर्व करतो आणि मुली वही लिहीत बसतात. हे मी माझ्याच वर्गात पाहिले आहे. वहीत यशाची नोंद एका ओळीत, परंतु प्रत्येक बिघाडाची नोंद तीन ओळींत व्हावी : काय दिसले, काय वाटले, काय निघाले.

आपण म्हणाल, अभ्यासक्रम पुरा करावयाचा, माहिती भरावयाची, यात वेळ कोठून आणावा? तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या अटल प्रयोगशाळा सहावीपासूनच्या वर्गांसाठी आहेत आणि त्या निवडक शाळांनाच मिळतात. आपल्या लहान शाळांची पाळी कधी येईल कोण जाणे. म्हणून मी वेगळा तास मागत नाही. कोन, अपूर्णांक, विद्युतमंडल, प्राण्यांचे चलनवलन हे पाठ आपण शिकवितोच. ते या एका यंत्राभोवती गुंफावेत. तेही जमले नाही तर यंत्र करू नये. पण निदान एवढे करावे, की मुलाच्या वहीतील चुकीवर रेघ ओढण्यापूर्वी 'हे असे का आले असेल?' हा प्रश्न त्याला एकदा विचारावा. यंत्र पडल्यावर आपण हा प्रश्न सहज विचारतो. मुलाला विचारण्यास आपण कचरतो.

अखेर त्या पहिल्या मुलाविषयी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेच्या अंगणात आला होता. मी कपाटातून ती निकामी मोटर आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाती दिला. त्याने पायरीवर बसून ती उघडली, दंतचक्रे ओळीने मांडली आणि कोणत्या चक्राचे किती दात तुटले ते मोजून मला दाखविले. मग म्हणाला, "हे त्या वेळी उघडू दिलं असतं तर बरं झालं असतं, गुरुजी." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती चक्रे आता काचेच्या बरणीत घालून वर्गात ठेवली आहेत. नवा गट आला की पहिल्या दिवशी ती त्यांच्या हाती देतो आणि कामाला आरंभ करतो.